हिस्ट्री : गाडी स्लिप झाली

रात्री साडेअकराच्या सुमाराला नाशिकच्या सिव्हिल हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जखमीला स्ट्रेचरवर घेतात. ड्युटीवरचे डॉक्टर हात चालवता चालवताच सोबत आलेल्याला विचारतात, ‘काय झालं?’ सोबत आलेला कुणीही असतो. मेहुणा, शेजारी, कंपनीतला दोस्त, नाहीतर रिक्षावाला. त्याच्या शर्टाला रक्त लागलेलं असतं, एका हातात जखमीचा मोबाईल आणि एकच चप्पल असते. तो क्षणभर घुटमळतो आणि म्हणतो, ‘गाडी स्लिप झाली, साहेब.’

पेन चालतं. केसपेपरवर हिस्ट्रीच्या, म्हणजे जखम कशी झाली त्या हकिगतीच्या, जागी एक ओळ उतरते : मोटारसायकल घसरून पडल्यानं जखम, सेल्फ फॉल.

प्रत्यक्षात पाथर्डी फाट्याकडून येणाऱ्या कारनं मागून उडवलेलं असतं. मग असं का सांगितलं? कारणं नेहमीचीच. पोलिसांचं लचांड नको. कारवाला म्हणालेला असतो, ‘सगळा खर्च मी करतो, केस करू नका.’ चालवणाऱ्याचं लायसन घरी राहिलेलं असतं, किंवा काढलेलंच नसतं. शिवाय कुणीतरी कानात सांगितलेलं असतं की अपघात म्हटलं की खासगी दवाखाने पेशंट घेत नाहीत. यातलं शेवटचं तर कायद्यानंच खोटं ठरवलंय. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे डॉक्टरांनी जखमीवर ताबडतोब उपचार सुरू करायचे असतात, कागदी सोपस्कार मागाहून. जखमीला आणणाऱ्या तिऱ्हाइताला स्वतःचं नाव सांगण्याची सक्तीसुद्धा करता येत नाही. लायसनचं म्हणाल, तर ते नसणं हा वेगळा गुन्हा आहे. त्याचा दंड होईल, पण त्यामुळे मागून ठोकणारा निर्दोष ठरत नाही.

ती एक ओळ मात्र पुढे सगळीकडे सोबत येते. केसपेपरवरून एमएलसी रजिस्टरमध्ये (पोलिसांना कळवायच्या केसेसची नोंदवही), तिथून पोलिसांकडे जाणाऱ्या खबरेत आणि शेवटी डिस्चार्ज कार्डावर. दीड-दोन वर्षांनी भरपाईच्या दाव्यात सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात विमा कंपनीचे वकील डॉक्टरांचा उलटतपास घेतात, तेव्हा त्यांना फार काही विचारावं लागत नाही. ‘डॉक्टर, हिस्ट्रीच्या रकान्यात काय लिहिलंय, तेवढं वाचून दाखवा.’

मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खालचा भरपाईचा दावा दुसऱ्याच्या हलगर्जीपणावर उभा असतो. स्वतःच घसरून पडलात म्हटलं की दुसरा कुणी उरतच नाही, आणि दुसरा नाही तर त्याचा विमाही नाही. घरच्यांना वाटतं की दावा कोर्टात ठरेल, चांगला वकील लावला की झालं. पण भरपाई हे गणित आहे आणि त्या गणितातला प्रत्येक आकडा कुठल्या ना कुठल्या कागदातून येतो. त्यातले निम्मे कागद पहिल्या चार दिवसांत तयार होऊन जातात, घरातली माणसं आयसीयूच्या बाहेर बाकावर बसलेली असताना.

चुकीची ओळ लिहिली गेलीच, तर खाडाखोड करायला सांगू नये. खाडाखोड त्या ओळीपेक्षा महागात पडते. जखमी शुद्धीवर आला की पोलिसांकडे त्याचा सविस्तर जबाब नोंदवून घ्यावा. आधीची माहिती कुणी दिली, तो घटनास्थळी हजर होता का, हे त्यात स्पष्ट येऊ द्यावं. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना लेखी अर्ज देऊन रुग्णाने स्वतः सांगितलेली हकिगत पुढच्या तारखेच्या नोंदीत घ्यायला लावावी. फिर्यादीला दोन-चार दिवस उशीर झाला म्हणून दावा बुडत नाही. घरचे आधी माणूस वाचवतात, फिर्याद मग देतात, हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये मान्य केलेलं आहे. उशीर समजावून सांगता येतो. दोन कागदांत दोन वेगळ्या कहाण्या असल्या तर ते जड जातं.

दुसरा कागद घटनास्थळाचा पंचनामा. दोन पंच, एक हवालदार, एक टेप. त्यात रस्त्याची रुंदी असते, दुभाजक आहे की नाही ते असतं. वाहनांची तोंडं कुठल्या दिशेला होती, डांबराच्या कडेपासून ती किती फुटांवर पडली होती, ब्रेकच्या खुणा किती लांब, काचांचा सडा कुठे, ऑइल कुठे सांडलं, कुठलं वाहन कुठल्या बाजूनं चेपलं, हेही. साक्षीदार दोन वर्षांत तपशील विसरतात, काचांचा सडा कुठे होता ते कागद विसरत नाही. मोटारसायकलचा मागचा मडगार्ड आत गेलाय, नंबरप्लेट दुमडलीय आणि कारचं पुढचं बंपर डाव्या बाजूला फुटलंय, एवढ्या तीन गोष्टी पंचनाम्यात आणि आरटीओच्या वाहन तपासणी अहवालात जुळल्या, तर ‘हाच अचानक आडवा आला’ हा बचाव टिकवणं अवघड जातं.

अडचण अशी की महामार्गावर वाहनं फार वेळ तशीच ठेवत नाहीत. द्वारका किंवा मुंबई नाक्याच्या चौकात पंधरा मिनिटं गाडी आडवी राहिली तर निम्मं शहर तुंबतं, मग क्रेन येते आणि जागा मोकळी होते. पंचनामा दुसऱ्या दिवशी सकाळी होतो आणि त्यात ‘वाहने घटनास्थळी मिळून आली नाहीत’ असं येतं. म्हणून जखमीला रवाना केल्यावर मागे थांबलेल्या माणसानं मोबाईल बाहेर काढावा. एक फोटो लांबून, ज्यात विजेचा खांब, दुकानाची पाटी किंवा किलोमीटरचा दगड येईल असा. एक नंबरप्लेटचा. एक ब्रेकच्या खुणेचा, शेजारी चप्पल ठेवून, म्हणजे लांबीचा अंदाज येतो. समोरच्या हॉटेलचा किंवा पेट्रोल पंपाचा कॅमेरा रस्त्याकडे बघतोय का, तेही पाहून ठेवावं. डीव्हीआरवरचं रेकॉर्डिंग बहुधा पंधरा दिवस ते महिनाभरात आपोआप पुसलं जातं. ते ताब्यात घ्यावं असा लेखी अर्ज पोलीस ठाण्यात देऊन दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यावा. तोंडी सांगितलेलं कुठेच नोंदलं जात नाही.

हद्दीचा घोळ हा खास महामार्गावरचा प्रकार. शहर पोलिसांची हद्द संपून ग्रामीणची कुठे सुरू होते, हे अपघात झाल्यावर कुणाला ठाऊक असतं? हद्द आपली नाही म्हणून फिर्याद नाकारता येत नाही. शून्य क्रमांकानं गुन्हा नोंदवून तो योग्य ठाण्याकडे पाठवायचा, असं आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतच लिहिलेलं आहे. गुन्ह्याची कलमंही बदलली आहेत. १ जुलै २०२४ नंतरच्या अपघातांना जुन्या भारतीय दंड संहितेचं २७९ किंवा ३०४-अ लागत नाही. बेदरकार वाहन चालवण्याला नव्या भारतीय न्याय संहितेचं २८१, दुखापतीला १२५ आणि मृत्यूला १०६ लागतं. फौजदारी खटल्यात चालक सुटला म्हणून भरपाईचा दावा आपोआप पडत नाही, हे मात्र जुनंच आहे आणि कायम आहे. तिथे गुन्हा निःसंशय सिद्ध करावा लागतो, इथे पुराव्याचा कल कुठे झुकतो एवढंच पाहतात.

कायद्याच्या पुस्तकात पोलिसांचं वेळापत्रक चोख आहे. १ एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांनुसार पहिला अपघात अहवाल ४८ तासांत न्यायाधिकरणाला (भरपाईचे दावे चालवणारं कोर्ट) आणि विमा कंपनीला, पीडिताला त्याच्या हक्कांची माहिती १० दिवसांत, अंतरिम अहवाल ५० दिवसांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत. हे नुसतं कागदावर राहू नये म्हणून सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२२ मध्ये सगळ्या राज्यांना तसे निर्देशही दिले. न्यायाधिकरणानं हा सविस्तर अहवालच दाव्याचा अर्ज समजायचा, अशीही तरतूद आहे. प्रत्यक्षात पोलीस ठाण्यात एका अंमलदाराकडे चाळीस गुन्हे असतात, बंदोबस्त असतो, त्यात सिंहस्थाची तयारी. म्हणून अहवाल जाईल तेव्हा जाईल, आपण आपला अर्ज वेगळा तयार ठेवावा.

मुदतीबद्दल कट्ट्यावर बरेच गैरसमज आहेत. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनं दाव्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली आणि ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. त्या अटीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे. मुदत टळली एवढ्यावरून दावे फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश नोव्हेंबर २०२५ मध्ये झाला. अंतरिम आदेश म्हणजे पावसात दुसऱ्याच्या छत्रीखाली उभं राहणं. सहा महिन्यांच्या आत अर्ज दाखल करावा, हेच शहाणपण. व्याजही साधारण अर्जाच्या तारखेपासून मिळतं, त्यामुळे उशिराचा तोटा तिथेही होतोच. अर्ज अपघात जिथे झाला तिथे, अर्जदार राहतो किंवा धंदा करतो तिथे, किंवा जाबदार, म्हणजे ज्याच्याविरुद्ध दावा आहे तो, राहतो तिथे करता येतो. सुरगाण्याच्या माणसाला ठाण्यात ट्रकनं उडवलं, तर त्याच्या बायकोनं तारखांसाठी ठाण्याला खेटे घालायची गरज नाही.

जाबदार तिघं. चालक, मालक, विमा कंपनी. यातला मालक म्हणजे आरसी बुकावर ज्याचं नाव तो. नाशिकमध्ये जुन्या दुचाकी ज्या पद्धतीनं विकल्या जातात, त्यात ही गोष्ट नेहमी गळ्याशी येते. टीटीच्या, म्हणजे गाडी नावावर करायच्या, फॉर्मवर सह्या करून दिल्या, पैसे घेतले, चावी दिली. फॉर्म २९ आणि ३० पेठ रोडच्या आरटीओत गेलेच नाहीत. तीन वर्षांनी त्या गाडीखाली कुणी आलं की नोटीस पहिल्या मालकाच्या घरी येते. ‘मी कधीच विकली’ हे त्याचं म्हणणं खरं असतं आणि निरुपयोगीही. नोंदणीत नाव ज्याचं, जबाबदारी त्याची, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये पुन्हा एकदा बजावलं. घेणाऱ्याच्या भरवशावर न राहता विकणाऱ्यानं स्वतः चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं असतं.

विम्याच्या पॉलिसीवर हप्त्याचा आकडा सगळे वाचतात, प्रकार कुणी वाचत नाही. दुचाकीची नुसती ॲक्ट पॉलिसी, म्हणजे फक्त बाहेरच्या माणसाचं नुकसान भरणारी थर्ड पार्टी, असेल आणि चूक आपल्याच चालकाची असेल, तर मागे बसलेली बायको त्या पॉलिसीत बसत नाही. पॅकेज पॉलिसी असेल तर बसते. मित्राची गाडी उसनी नेली आणि स्वतःच दुभाजकावर घातली, तर नेणारा मालकाच्या जागी उभा राहतो, तो थर्ड पार्टी होत नाही. मालकानं स्वतःची गाडी चालवताना झालेल्या मृत्यूसाठी १५ लाखांचं वैयक्तिक अपघात कव्हर असतं, पण त्याला मालकाचं स्वतःचं चालू लायसन लागतं. पॉलिसी काढताना एजंट ‘हे कशाला, थोडे पैसे वाचतील’ म्हणून ते काढून टाकतो आणि आपण मान डोलावतो.

खरा गुंता पिकअपचा. ऑक्टोबर छाटणीपासून द्राक्षं निघेपर्यंत आणि कांदा लागवडीच्या दिवसांत पहाटे सहाला दिंडोरी-निफाडच्या रस्त्यांवर उभं राहून बघा. पेठ, सुरगाण्याकडच्या मजुरांच्या टोळ्या, बायांच्या डोक्याला बांधलेले रुमाल, कडेला डब्यांच्या पिशव्या, एका पिकअपच्या हौद्यात वीस-पंचवीस माणसं उभी. हे वाहन मालाचं. त्याच्या विम्यात चालक बसतो, मालाचा मालक किंवा त्यानं मालासोबत पाठवलेला माणूस बसतो. नुसता प्रवासी बसत नाही, मग तो फुकट नेलेला असो की वीस रुपये देऊन बसलेला. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २००२ मध्ये हे ठरवलं आणि तेव्हापासून विमा कंपन्यांचा पहिला बचाव हाच असतो. म्हणजे एकच बाई, तेच वळण, तीच गाडी. संध्याकाळी स्वतःच्या कांद्याच्या गोण्यांसोबत पिंपळगावच्या बाजाराला निघाली असेल तर विम्यात, सकाळी त्याच रिकाम्या पिकअपनं लागवडीला निघाली असेल तर बाहेर. कायद्याची ही रेघ तर्काला धरून आहे, हे कळतं. तरी ती वाचताना घास घशाशी अडकतो.

पण म्हणून तिथे हात टेकायचे नसतात, आणि नेमकं इथेच बरेच अर्ज कच्चे लिहिले जातात. पिकअपला समोरून ट्रकनं धडक दिली असेल, तर त्या ट्रकच्या दृष्टीनं हौद्यातल्या सगळ्या बाया थर्ड पार्टीच. दोन्ही चालकांची चूक असेल, तरी कुणाची किती टक्के हे प्रवाशानं मोजत बसायचं नसतं. दोघांपैकी कुणाकडूनही पूर्ण रक्कम वसूल करता येते, आपसातला हिशोब ते नंतर करतील. हे २०१५ मध्ये ठरलेलं आहे. ८ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे औरंगाबाद रोडला हॉटेल मिरचीच्या चौकात यवतमाळहून मुंबईला निघालेली खासगी बस धडकेनंतर पेटली, ती पहाट नाशिककर विसरलेले नाहीत. अशा अपघातात दोन्ही वाहनांचे मालक आणि दोन्ही विमा कंपन्या पहिल्याच अर्जात जाबदार म्हणून यायला हव्यात. एक राहिली तर दोन वर्षांनी दुरुस्ती अर्ज, पुन्हा समन्स, पुन्हा तारखा. मजूर ज्या बागाईतदाराकडे कामाला निघाले होते त्याची किंवा ट्रकवरच्या चालकाच्या मालकाची जबाबदारी कामगार भरपाईच्या कायद्याखालीही येऊ शकते. मात्र मोटार कायदा आणि तो कायदा यातला एकच रस्ता निवडता येतो, दोन्हीकडून घेता येत नाही.

आता गणित. पंचवटीत भाजीचा गाडा लावणारा ३८ वर्षांचा माणूस, महिन्याची कमाई १८,००० रुपये, घरी बायको, दोन मुलं आणि आई, असं धरू. तो अपघातात गेला. स्वतःचा धंदा आणि चाळिशीच्या आत, म्हणून भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के मिळवायचे : २५,२०० झाले. अवलंबून चार जण, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा : १८,९००. वर्षाचे २,२६,८००. वर्षाच्या रकमेला वयाप्रमाणे ठरलेल्या गुणकानं गुणायचं, वय ३६ ते ४० ला तो १५, म्हणजे ३४,०२,०००. सहवास गमावल्याबद्दल चौघांना प्रत्येकी ४८,४००, अंत्यविधीचे १८,१५० आणि मालमत्तेच्या हानीचे १८,१५०. एकूण ३६,३१,९००. गुणकाचं कोष्टक सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ च्या सरला वर्मा निकालातलं, वाढीचे टक्के आणि बाकीचे आकडे ३१ ऑक्टोबर २०१७ च्या प्रणय सेठी निकालातले. त्यातल्या १५ हजारांत (अंत्यविधी, मालमत्तेची हानी) आणि ४० हजारांत (सहवास) दर तीन वर्षांनी दहा टक्के वाढ होत आजचे आकडे आलेत.

आता त्यातला पहिलाच आकडा हलवून बघा. गाडेवाल्याकडे पगारपत्रक नसतं. कोर्टानं पुराव्याअभावी १२,००० धरले तर मुख्य रक्कम २२,६८,००० वर येते. अकरा लाख चौतीस हजार गेले. महिन्याच्या प्रत्येक हजारामागे १ लाख ८९ हजार रुपये. ते हजार सिद्ध करणारे कागद घरातच असतात, पण रद्दी समजून पडलेले. यूपीआयचं स्टेटमेंट, बाजार समितीतल्या पट्ट्या (मालाच्या हिशोबाच्या पावत्या), पतपेढीच्या डेली कलेक्शनचं पुस्तक, महापालिकेची फेरीवाल्याची पावती, फेरीवाल्यांसाठीच्या पीएम स्वनिधी योजनेच्या कर्जाचे कागद. एकेकटा कागद लंगडा असतो, चार मिळून चालतात.

वयाचंही तसंच. शवविच्छेदनाच्या अहवालात डॉक्टर अंदाजानं ‘वय ४२’ लिहून जातात. चाळिशी ओलांडली की गुणक १५ चा १४ आणि वाढ ४० टक्क्यांची २५ टक्के. शाळा सोडल्याचा दाखला आधारपेक्षा वरचढ पुरावा आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२४ मध्ये सांगितलं. चौथीत शाळा सोडलेल्या माणसाचाही दाखला जिल्हा परिषदेच्या शाळेत जुन्या जनरल रजिस्टरमध्ये सापडतो, हेडमास्तरांना अर्ज द्यावा लागतो एवढंच.

शेतकऱ्याच्या बाबतीत घरच्यांचा अंदाज हमखास चुकतो. चार एकर द्राक्ष, वर्षाचं उत्पन्न बारा लाख, म्हणून दावा बारा लाखांवर मांडतात. विमा कंपनी सातबारा दाखवते : बाग जागेवर आहे, वारसांच्या नावे लागली आहे, उत्पन्न चालूच आहे. कोर्टही म्हणतं की बुडालं ते उत्पन्न नव्हे, त्या माणसाचे कष्ट आणि देखरेख. म्हणून पुरावा तोच द्यायचा. छाटणी, डिपिंग (घड औषधात बुडवणं), फवारणीचं वेळापत्रक कोण सांभाळत होतं, तो गेल्यावर कुणाला पगारावर ठेवलं, बाग खंडानं किंवा वाट्यानं दिली का, आधीच्या आणि नंतरच्या हंगामातल्या व्यापाऱ्याच्या पट्ट्यांत किती फरक पडला. द्राक्षाची बाग नुसत्या मालकीवर पिकत नाही, हे नाशिकच्या न्यायाधीशांना वेगळं सांगावं लागत नसेल, पण कागदावर यावं लागतं.

जखमीच्या दाव्यात सगळी मदार अपंगत्वाच्या टक्क्यावर, आणि तिथेच सगळ्यात जास्त घोटाळा. उजव्या पायाचं ४० टक्के म्हणजे अख्ख्या शरीराचं ४० टक्के नव्हे. आणि शरीराचं जे काही असेल ते म्हणजे कमाईचं तेवढंच नुकसान, असंही नव्हे. अंबडच्या कारखान्यात आठ तास उभा राहणारा फिटर आणि टेबलावर बसून हिशोब लिहिणारा कारकून, दोघांचा गुडघा सारखाच आखडला तरी फिटरचं काम जातं, कारकुनाचं जात नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या राजकुमार निकालानं हा फरक फार नीट मांडला आहे. त्यासाठी दाखला नुसता फाइलला लावून भागत नाही. डॉक्टरांना साक्षीला बोलवावं लागतं, त्यांनी टक्का कसा काढला ते सांगावं लागतं. आणि कंपनीकडून एक पत्र : हा मनुष्य पूर्वी काय काम करत होता, आता कुठलं करू शकत नाही. हे पत्र मिळवायला डॉक्टरांच्या तारखेपेक्षा जास्त खेटे पडतात. बिलांच्या मूळ प्रती मेडिक्लेमला गेल्या असतील तर त्या कंपनीकडून प्रमाणित प्रती घेऊन ठेवाव्यात. औषधांच्या पावतीवर पेशंटचं नाव नसेल तर ती पावती कुणाचीही असू शकते. सोबत राहणाऱ्याची बुडालेली मजुरी आणि सिन्नरहून ड्रेसिंगला केलेल्या रिक्षा याही मागता येतात, पण तारखेनिशी.

ट्रिपल सीट होते, हेल्मेट नव्हतं, म्हणून काही मिळणार नाही, असं चहाच्या टपरीवर ठामपणे सांगितलं जातं. तिघं बसल्यामुळे अपघात झाला, किंवा त्यामुळे दुखापत वाढली, हे विमा कंपनीला दाखवावं लागतं. नुसतं तिघं बसणं पुरत नाही, असं २०२० मध्ये ठरलंय. हेल्मेटचंही तेच धोरण ठेवावं. पाय मोडलेल्याला हेल्मेट नव्हतं म्हणून कापणं बरोबर नाही, डोक्याला मार असेल तर मात्र प्रश्न निघतोच.

तडजोडीकडे यायलाच हवं, कारण बहुतेक प्रकरणं तिथेच मिटतात किंवा तिथेच फसतात. रस्त्यावर ‘पन्नास हजार घ्या, मिटवा’ म्हणत स्टॅम्पपेपरवर सही घेतात, तेव्हा प्लास्टरच्या आत काय आहे हे कुणालाच माहीत नसतं. सहा महिन्यांनी हाड जुळलं नाही म्हणून दुसरं ऑपरेशन निघतं. त्याहून सभ्य सापळा कलम १६४ चा. दोष सिद्ध न करता मृत्यूला ५ लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख, लवकर. पण ही रक्कम स्वीकारली की कलम १६६ चा अर्ज संपतो. वर ज्या गाडेवाल्याचा हिशोब केला, त्याच्या बायकोला तेरवीच्या आसपास कुणी ५ लाखांच्या कागदावर सही मागितली, तर ती छत्तीस लाखांवर पाणी सोडते आहे, हे तिला कुणी सांगत नाही. जिथे चूक सिद्धच होणार नाही, तिथे मात्र तोच मार्ग बरा. लोकअदालत वाईट नाही, फक्त आपला आकडा आधी घरी काढून जावं. तिथल्या निवाड्यावर अपील नाही आणि ‘व्याज सोडा, आज चेक देतो’ हे वाक्य तिथे फार गोड लागतं.

दवाखान्याच्या दारातच ‘खर्च आमचा, मिळेल त्यात तीस टक्के’ म्हणणारे भेटतात. निकालावर टक्केवारी ठरवणं वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनीच मना आहे. बाईला, मुलाला, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला उत्पन्न न पाहता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो, आणि त्यांचं कार्यालय न्यायालयाच्या आवारातच असतं. ही पाटी एजंटाच्या पाटीइतकी मोठी नसते, एवढाच काय तो फरक.

वाहन पळून गेलं तर मृत्यूला २ लाख, गंभीर दुखापतीला ५० हजार. त्याचा अर्ज कोर्टात नव्हे, प्रांत किंवा तहसीलदारांकडे, मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांची. मे २०२५ पासून पहिल्या सात दिवसांच्या उपचाराला नेमून दिलेल्या रुग्णालयांत दीड लाखापर्यंत कॅशलेसची योजना आहे, ती भरतीच्या वेळीच मागावी. आणि समोर वाहनच नसेल, खड्डा किंवा उघडं मॅनहोल असेल, तर ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं मृत्यूला ६ लाख आणि दुखापतीला ५० हजार ते अडीच लाख ठरवून दिलेत. महापालिका हद्दीत हे पाहणारी समिती आयुक्त आणि विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची. सिंहस्थासाठी शहर जागोजागी उकरलेलं असताना हा आदेश प्रत्येक वॉर्डात माहीत असायला हवा. खड्ड्याचा फोटो त्याच दिवशी काढा. दुसऱ्या दिवशी मुरूम पडतो, हे आपल्याला नव्यानं कळायला नको.

निकाल लागल्यावरही कागद थांबत नाहीत. विमा कंपनी अपिलात जाऊ शकते, नव्वद दिवस असतात. विमाच नसेल तर मालकाविरुद्ध वसुलीची दरखास्त, आणि तेव्हा त्याच्या नावावर काहीच सापडत नाही. म्हणून विमा नसलेलं वाहन तारण घेतल्याशिवाय सोडू नये, असा आक्षेप सुरुवातीलाच, वाहन सोडवायचा अर्ज येतो त्याच दिवशी, घ्यायचा असतो. रक्कम जमा झाली की अल्पवयीन मुलांचा हिस्सा ते अठरा वर्षांचे होईपर्यंत राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत जातो, व्याज आईच्या खात्यावर. ठेवीची पावती हातात येते त्या दिवशी काउंटरवरच मुलाच्या नावाचं स्पेलिंग शाळेच्या दाखल्याशी आणि जन्मतारीख जन्मदाखल्याशी ताडून घ्यावी. धाकटा चार वर्षांचा असेल, तर ती पावती चौदा वर्षांनी बँकेत दाखवायची आहे.